सायकल चालवणाऱ्यालाच गाडीतून सायकल कशी दिसली नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही आठ वर्षं नियमित सायकल चालवता आणि गाडीही चालवता. गेल्या आठवड्यात चौक रिकामा दिसला म्हणून वेग फारसा कमी न करता ओलांडायला घेतलात आणि एक सायकलवाला थेट बॉनेटसमोर उगवला. ब्रेक दाबलात, तरी त्याचं चाक बंपरला लागलं, तो पडला, गुडघा सोलवटला. "दिसत नाही का?" असं त्यानं विचारलं आणि तुमच्यापाशी उत्तर नव्हतं. सायकल चालवणारा माणूस गाडीत बसला की सायकलींबद्दल जास्त सावध असतो, असं तुम्ही आजवर मानत आलात. ते खोटं आहे का? आणि तुमची मुलगी आता गाडी शिकते आहे, तिनं शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, तिला आधी सायकलवर बसवावं का?

मी 21 वर्षं गाडी शिकवतो आहे, आणि सायकल त्याच्याही आधीपासून चालवतो. तुम्ही मानत होता ते खोटं नाही. पण सायकल चालवून डोळे तीक्ष्ण होत नाहीत. बदलते ती अपेक्षा: कुठे कोण असू शकेल आणि पुढच्या दोन सेकंदांत ते काय करेल, याचा अंदाज. डोळ्यांच्या मर्यादा तुम्हाला, मला, सगळ्यांना सारख्याच. त्या चौकात तुमचे डोळे कमी पडले, आणि एरवी ती उणीव जी अपेक्षा भरून काढते ती त्या क्षणी जागी नव्हती. दोन्ही कसं झालं ते सांगतो, म्हणजे मुलीला काय शिकवायचं तेही कळेल.

आधी फरक पडतो का ते बघू. 2017 साली ऑस्ट्रेलियात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रस्त्याच्या चित्रांत एखादी गोष्ट बदलायची आणि ती ओळखायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सायकलही चालवणाऱ्या चालकांनी बदल लवकर टिपले. अचूकतेत मात्र दोन्ही गट सारखेच होते. त्याआधी 2014 साली तिथल्याच एका पाहणीत सायकल चालवणाऱ्या चालकांनी सायकलस्वारांशी सुरक्षित वागण्याच्या सवयी सांगण्याची शक्यता इतरांच्या दीडपट आढळली. सवयी 'सांगितल्या' होत्या, कुणी मागे बसून तपासल्या नव्हत्या, हे लक्षात घ्या. मोटारसायकलींच्या बाबतीत 2006 सालचं इटालियन संशोधकांचं विश्लेषण मला जास्त ठोस वाटतं, कारण ते प्रत्यक्ष अपघातांवर आहे: ज्या मोटारचालकांकडे मोटारसायकलचाही परवाना होता, त्यांच्यावर मोटार आणि मोटारसायकलच्या धडकेची जबाबदारी कमी वेळा आली. म्हणजे दोन्ही बाजूंनी रस्ता पाहिलेल्या माणसाला फायदा होतो. पण फायदा होतो म्हणजे त्याच्या हातून चूक होतच नाही, असं नव्हे. तुमची गल्लत इथे झाली.

आता डोळ्यांचं. हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. एका वेळी बारकाव्यानिशी स्पष्ट दिसणारा भाग साधारण तेवढाच असतो, दोनएक अंशांचा. बाकी सगळं अंधुक असतं आणि मेंदू ते ओळखीच्या चित्रानं भरून काढतो. चौकात आपण 'दोन्हीकडे पाहतो' तेव्हा नजर सलग सरकत नाही, उड्या मारते. उडीच्या त्या क्षणात मेंदू दृश्य जवळजवळ बंद ठेवतो, नाहीतर सगळं जग गरगरल्यासारखं दिसलं असतं. मान जितक्या घाईत फिरवाल तितक्या उड्या लांब आणि मधल्या फटी मोठ्या. मोटार किंवा ट्रक अशा फटीतून सुटत नाही. समोरून किंवा मागून पाहिलेली सायकल ही उभी रेघ असते, ती सुटते.

आणि नजर नेमकी सायकलवर टेकली तरी ती दिसेलच असं नाही. 1999 साली डॅनिएल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांनी लोकांना चेंडूच्या पासेस मोजायला सांगितलं आणि खेळणाऱ्यांच्या मधून गोरिलाच्या वेषातला माणूस चालवला. जवळजवळ निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. चौकात आपला मेंदू मोटारी मोजत असतो. 'मोटार नाही' म्हणजे 'रस्ता मोकळा' असा हिशेब तो आपल्याला न विचारता करून टाकतो. म्हणून "मी पाहिलं होतं, कुणीच नव्हतं" असं सांगणारा चालक बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. त्यानं पाहिलेलं असतं, फक्त सायकल शोधलेली नसते.

तुमच्या बाबतीत मला आणखी एका गोष्टीचा दाट संशय आहे, कारण तुम्ही लिहिलंय की वेग फारसा कमी केला नव्हता. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना जे खांब असतात, ज्यांना ए-पिलर म्हणतात, त्यांच्यामागे माणूस सहज मावतो. अख्खी सायकलही मावते. पण एवढं मोठं चालतंबोलतं वाहन खांबामागून क्षणभरही बाहेर कसं आलं नाही, असं वाटतं ना? हा हिशेब करून बघा. तुमची गाडी ताशी 36 किलोमीटरनं चौकाकडे येते आहे, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. काटकोनातल्या रस्त्यानं सायकल ताशी 18 नं येते आहे, म्हणजे सेकंदाला 5 मीटर. धडकेच्या चार सेकंद आधी तुम्ही चौकापासून 40 मीटरवर आहात आणि तो 20 मीटरवर. दोन सेकंद आधी तुम्ही 20 वर, तो 10 वर. एक सेकंद आधी 10 आणि 5. प्रमाण बदलत नाही, म्हणून तुमच्या डोळ्यातून त्याच्याकडे जाणारा कोनही बदलत नाही. तो सुरुवातीला खांबामागे असेल तर शेवटपर्यंत खांबामागेच राहतो. तुमच्या वेगाशी जुळवून घेत तो लपत लपत येतो म्हणा ना. जो सायकलवाला धडकणार नसतो तो काचेवर सरकताना दिसतो. जो धडकणार असतो तो एकाच जागी स्थिर असतो, आणि कडेच्या अंधुक नजरेला स्थिर वस्तू जाणवत नाही. समुद्रावरच्या खलाशांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे: समोरच्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल तर टक्कर ठरलेली.

यावरचा उपाय साधा आहे. चौकाजवळ येताना पाठ सीटवरून उचलायची, डोकं वीतभर पुढे आणि मग बाजूला न्यायचं, म्हणजे खांबामागची जागा उघडी पडते. आणि वेग कमी करायचा, म्हणजे तो स्थिर कोन मोडतो. मी प्रत्येक शिकाऊ चालकाला पहिल्या आठवड्यात हे शिकवतो. सुरुवातीला लाज वाटते, महिन्याभरात अंगवळणी पडतं.

आता अपेक्षेकडे येतो. सायकल चालवणारा चालक खरा उपयोगी पडतो तो इथे, आणि इथेच त्याचा घातही होतो.

रस्त्याच्या कडेनं एक सायकलवाला चालला आहे असं समजा. सायकल न चालवलेल्या चालकाला तो 'कडेला असलेली एक वस्तू' दिसतो. सायकल चालवलेल्याला त्याच्या पुढचे दहा मीटर दिसतात: तिथे ड्रेनेजचं झाकण आहे, त्याच्या फटी चाकाच्या दिशेनं आहेत, म्हणजे हा आत, रस्त्याच्या मध्याकडे येणार. पाणी साचलंय, त्याखाली खड्डा असेल तर कळणार नाही, म्हणजे आत येणार. उभ्या मोटारींची रांग आहे आणि तिसऱ्या मोटारीत ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसतंय, ब्रेकचा दिवा आत्ताच विझला, म्हणजे दार उघडू शकतं, आणि हा शहाणा असेल तर आताच लांबून जायला लागेल. त्याचे पाय थांबले, पायडल फिरवायचं बंद झालं, म्हणजे पुढे काहीतरी दिसलंय. खांदा किंचित वळला, मान मागे गेली, म्हणजे तो रस्ता ओलांडणार किंवा लेन बदलणार. मान मागे वळवताना हात नकळत हॅंडल ओढतात आणि सायकल त्याच बाजूला झुकते. ज्यानं स्वतः हे केलंय तो त्या क्षणी ॲक्सिलेटरवरून पाय काढतो, विचार न करता.

आणखी एक बारीक गोष्ट. सायकल कधीच सरळ रेषेत चालत नाही. तोल जिकडे जातो तिकडे चाक वळवून ती सावरत राहते, म्हणजे तिचा माग नेहमी नागमोडी असतो, आणि वेग जितका कमी तितकी नागमोड मोठी. एका बाजूला झटकन वळायचं तर चाक आधी जरासं उलट्या बाजूला जातं, मग सायकल हव्या त्या बाजूला झुकते. खड्डा चुकवणारा माणूस म्हणून आधी एका दिशेला हलल्यासारखा वाटतो आणि जातो दुसरीकडे. त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका, पुढच्या चाकाकडे बघा. चाक आधी उलट गेलं, तरी तो वळणार याची पहिली खूण तिथेच मिळते.

हॅंडल साधारण 60 सेंटीमीटर रुंद, पण या नागमोडीमुळे चालत्या सायकलला मीटरभर रुंदी लागते. ओव्हरटेक करताना किती अंतर ठेवायचं याचे नियम काही देशांनी आकड्यात लिहिले आहेत ते यासाठीच. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमावलीत, जानेवारी 2022 पासून ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगाला किमान दीड मीटर, वेग जास्त असेल तर अंतरही जास्त. जर्मनीत 2020 पासून वस्तीत दीड मीटर, वस्तीबाहेर दोन. फ्रान्समध्ये वस्तीत एक, बाहेर दीड. मी शिकवताना मीटर सांगत नाही. मोटारीचं दार पूर्ण उघडलं तर जितकी जागा लागेल त्याहून जास्त सोडायची, आणि तेवढी मिळत नसेल तर मागे थांबायचं. ज्याच्या शेजारून ट्रक सुसाट गेलाय त्याला हे सांगावं लागत नाही: ट्रकचं तोंड शेजारी आलं की हवा बाहेर ढकलते, आणि तो पुढे सरकला की आत ओढते. अंगावर घेतलेला तो एक झोका पुस्तकातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त शिकवतो.

एवढं सगळं सायकलवाल्याला येतं, मग घात कसा होतो? अपेक्षा अनुभवाबरोबर येते, आणि अनुभव ठरावीक ठिकाणचा, ठरावीक वेळेचा असतो. तुम्ही लिहिलंय की तुमची सायकल पहाटे असते, मोकळ्या रस्त्यावर, चारपाच मित्रांबरोबर. म्हणजे तुमच्या मनातला 'सायकलस्वार' हेल्मेट घातलेला, दिवा लावलेला, जोरात आणि सरळ जाणारा आहे. संध्याकाळी कामावरून परतणारा, दिवा नसलेला, कॅरिअरला ओझं बांधलेला, चुकीच्या बाजूनं येणारा माणूस त्या चित्रात बसत नाही. आणि स्टिअरिंगवर बसलेले तुम्ही सायकलवरचे तुम्ही नसता. कोणत्या गल्लीतून काय येतं हे तुमच्या पायांना माहीत आहे, गाडीत बसलेल्या तुमच्या मानेला ते अजून ठाऊक नाही.

हे मला एका विद्यार्थ्यामुळे नीट कळलं. शर्यतीत सायकल चालवणारा मुलगा, गाडीही पटकन शिकला. एकदा चढावर एका म्हाताऱ्या सायकलवाल्याच्या शेजारून त्यानं इतक्या जवळून गाडी काढली की मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. तो गोंधळला. म्हणाला, "सर, मला तर एवढी जागा पुरते." त्याला पुरतेच. वीतभर पट्टीवरूनही तो सायकल नेईल. पण म्हाताऱ्या माणसाची सायकल चढावर वेग कमी झाल्यामुळे दोन्ही बाजूंना हातभर डुलत होती. दुसऱ्याचं कौशल्य आपल्या कौशल्यावरून मोजणं ही चांगल्या सायकलस्वारांची खास चूक आहे, आणि मी ती पुन्हा पुन्हा पाहिली आहे. मी स्वतः एकदा सायकलवाल्याला मागे टाकून लगेच कडेच्या बाजूला वळलो आणि त्याला करकचून ब्रेक लावायला लावला. त्याचा वेग माझ्या अंदाजापेक्षा बराच जास्त होता. लहान आकाराची वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा दूर आणि उशिरा पोचणारी वाटते. डोळ्याचा हा जुना दोष आहे. इलेक्ट्रिक सायकलींनी तो वाढवलाय, कारण पाय निवांत फिरताना दिसतात आणि सायकल 25 च्या वेगानं येत असते. त्या दिवसापासून माझा नियम एकच: वळायचंच असेल तर सायकलच्या मागे राहायचं, पुढे जाऊन तिला कापायचं नाही.

दाराचं थोडक्यात सांगतो. दाराच्या विरुद्ध बाजूच्या हातानं दार उघडा. खांदा आपोआप वळतो आणि नजर आरशातून मागे जाते. ही सवय 'डच रीच' नावानं ओळखली जाते, आणि 2022 च्या त्याच दुरुस्तीत ती हायवे कोडमध्येही आली. मागे बसणाऱ्यांनाही शिकवा, दारं तेही उघडतात.

रात्रीची एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. छातीवर चमकणारा पट्टा असण्यापेक्षा घोट्यांवर आणि गुडघ्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या असल्या तर चालकाला 'हा माणूस आहे' हे बरंच लांबून कळतं, कारण वर-खाली होणारी हालचाल मेंदू लगेच ओळखतो. गाडीतून याचा उपयोग उलटा करा: अंधारात खाली, पायांच्या उंचीवर, लुकलुकत वरखाली होणारं काही दिसलं तर तिथे सायकल आहे असंच धरून चला. ते पायडलचे रिफ्लेक्टर असतात.

अपेक्षेचं वजन किती, याचा मोठ्या प्रमाणावरचा पुरावाही आहे. 2003 साली पीटर जेकबसन यांनी अनेक शहरांची आणि देशांची आकडेवारी तपासून दाखवलं की सायकली दुप्पट झाल्या तर जखमींची संख्या दुप्पट होत नाही, साधारण एक तृतीयांशानं वाढते. म्हणजे प्रत्येक सायकलस्वाराचा धोका सुमारे एक तृतीयांशानं घटतो. याची कारणं काय यावर वाद आहे, रस्तेही सुधारत असतील. पण रस्त्यावर सायकल रोज दिसते तिथल्या चालकाची नजर ती शोधत असते, हे कारण मला सर्वांत पटतं. नेदरलँड्समध्ये शाळकरी मुलांची रस्त्यावर सायकलची परीक्षा होते, आणि गाडी चालवणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी सायकलवर वाढलेला असतो. लंडनमध्ये ट्रकचालकांच्या एका प्रशिक्षणात त्यांना प्रत्यक्ष सायकलवर बसवून रस्त्यावर नेतात, आणि पोलिसांनी उलटं करून सायकलस्वारांना ट्रकच्या केबिनमध्ये बसवण्याचे कार्यक्रमही घेतले. केबिनमधून उतरलेला माणूस पुन्हा कधी ट्रकच्या कडेला, वळणाच्या आतल्या बाजूला थांबत नाही. तिथे तो दिसत नाही, आणि ट्रकची मागची चाकं पुढच्यांच्या आतून येतात, हे त्यानं वरून पाहिलेलं असतं.

तर मुलीचं. हो, बसवा सायकलवर. पण बागेत किंवा सुटीच्या सकाळी नको, त्यानं फक्त व्यायाम होईल. ज्या रस्त्यांवर ती पुढे गाडी चालवणार आहे तिथे, तुम्ही मागे राहून, वर्दळ मध्यम असेल अशा वेळी, आठदहा वेळा. घरी आल्यावर विचारा: कुठे भीती वाटली, कुठे आत यावं लागलं, कोणत्या गाडीनं बरं वाटलं. शेवटचा प्रश्न विसरू नका. मागे थांबून राहिलेली, मग नीट लांबून गेलेली एक गाडी तिला आठवेल, आणि तसं चालवायचं असतं हे ती त्या गाडीकडून शिकेल.

सायकल जमत नसेल, तब्येतीमुळे किंवा मन होत नसल्यामुळे, तर जबरदस्ती नको. दुसरा रस्ता आहे आणि तो तुमच्यासाठीही आवश्यक आहे: बोलत गाडी चालवणं. शेजारी कुणी असो वा नसो, जे दिसतं आणि जे होऊ शकतं ते तोंडानं म्हणायचं. "कडेला सायकल, पुढे झाकण, आत येईल, मागे राहते." "उभी गाडी, आत माणूस, दार." "चौक, खांबामागे बघते, सायकल आहे का?" शेवटचं वाक्य अगदी असंच, सायकलचं नाव घेऊन म्हणायला लावा. "रस्ता मोकळा आहे का?" असं विचारलं की मेंदू मोटारी मोजतो, "सायकल आहे का?" असं विचारलं की तो सायकल शोधतो. रोज दहा मिनिटं, तीन आठवडे. माझ्याकडे सायकलचा अनुभव अजिबात नसलेल्या बायका-पुरुषांनी याच सरावानं, फक्त रविवारी सायकल चालवणाऱ्यांपेक्षा चांगली नजर कमावलेली मी पाहिली आहे.

आणि तुम्ही स्वतः त्या चौकात परत जा. वर्दळ नसेल तेव्हा, मुलीला सायकल घेऊन बरोबर न्या. गाडी चौकाच्या वीस मीटर अलीकडे कडेला लावा, इंजिन बंद करा, सीटवर नेहमीसारखे बसा, आणि तो सायकलवाला ज्या रस्त्यानं आला होता त्या रस्त्याच्या कडेनं तिला सायकल हातात धरून सावकाश चौकाकडे चालत यायला सांगा. ती खांबामागे कुठे नाहीशी होते आणि कुठे पुन्हा दिसते ते तिला हाक मारून सांगा, आणि दोन्ही जागी तिला खडूनं खूण करायला लावा. मग जागा बदला: ती सीटवर, तुम्ही सायकल धरून रस्त्याच्या कडेला. दोन खुणांमधलं अंतर पावलांनी मोजा.